छत्रीखालचा बुडबुडा

बाळांनो, पाण्यात एक छत्री तरंगते आहे अशी कल्पना करा. दांडा नाही, काड्या नाहीत, कडेला नुसत्या झिरमिळ्या. काचेसारखी आरपार, आणि इतकी मऊ की नख लागलं तरी फाटेल. ती मिटते, उघडते, आणि तशीच पुढे सरकते. तिला मेंदू नाही, हाडं नाहीत. नाव जेलीफिश, पण ती मासा नव्हेच. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

अशा मोजक्या जेलीफिश एका मुलीच्या आईने प्रयोगशाळेतल्या टाकीत वाढवल्या होत्या. त्या जातीची जी एक खाडी होती, तिचं पाणी तापलं आणि तिथे आता एकही उरली नव्हती. टाकीतल्या छत्र्यांना पिल्लं झाली तरच ती जात टिकणार होती.

त्या दुपारी आईला बैठकीला जावं लागलं. टाकीपाशी तिने भावाला बसवलं, सोबत लेक होतीच. मामाने घरी रंगीत मासे पाळले होते, त्यामुळे पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज. या टाकीत हवेचे बुडबुडे नाहीत हे पाहून त्याचा जीव कळवळला. तुझी आई एवढी शिकली, पण यांना श्वास द्यायला विसरली बघ, असं भाचीला चिडवत त्याने शेजारच्या टाकीतली हवेची नळी काढून इकडे सोडली.

आई परतली तेव्हा सगळ्या छत्र्या पाण्याच्या वरच्या थराला चिकटल्या होत्या. प्रत्येकीच्या छत्रीच्या पोकळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. त्या मिटत होत्या, उघडत होत्या, पण जागच्या हलत नव्हत्या. बऱ्याच जणी फाटल्या होत्या.

आईने नळी उपसून काढली. काचेची वाटी घेऊन तिने पाण्यातच एक छत्री तिरकी करून पाहिली, म्हणजे हवा निसटेल. छत्री फाटली. दुसरीही फाटली. मामा रडवेला होऊन विचारत होता, कुणाला फोन करू, कुठून दुसऱ्या आणू?

"दुसऱ्या नाहीतच रे कुठे," आई म्हणाली आणि तिने वाटी टाकीच्या काठावर ठेवली. "माझ्याच हातून दोन फाटल्या. मला नाही जमणार."

दोनच छत्र्या अजून धड होत्या.

मुलीने स्टूल ओढलं. हात साध्या पाण्याने धुतले, बाही कोपरापर्यंत सारली. वाटी पाण्याखालून नेऊन तिने एका छत्रीच्या कडेला अलगद टेकवली, श्वास रोखला, आणि आत अडकलेल्या बुडबुड्याकडे बघत वाटी केसभर कलती केली. मग आणखी केसभर.