अर्धं टोपण

न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून ताईच्या हातात घरातलं कुणी काही देईनासं झालं होतं. चहाचा कप अर्धाच भरून यायचा, कात्री कपाटात गेली होती आणि गॅसजवळ तर तिला कुणी फिरकूही देत नव्हतं. घर धाकट्या भावाचं. तो निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली तरी वर्ग घ्यायची खोड सुटली नव्हती. "तू नुसती बस, ताई," हे त्याचं पालुपद. पडल्यावर डॉक्टरनं लिहून दिलेली रात्रीची गोळीसुद्धा तोच तिच्या हातावर ठेवायचा. मनानं वाईट नव्हता. पण त्याच्या काळजीनं ताईचा जीव मेटाकुटीला आला होता.

चाळीस वर्षं तिनं एका दवाखान्यात औषधं बनवून दिली होती. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून खुणा करायच्या, पुड्या बांधायच्या, आणि कुणी पेशंट शहाणपणा करू लागला तर त्याला तिथंच गप्प करायचं. डॉक्टर तिला 'तराजू' म्हणत. आता उजवा हात थरथरायचा आणि सकाळचे दहा वाजले तरी डोळ्यांवरची झापड उतरायची नाही. वयच झालंय, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. हळूहळू तिलाही ते पटत चाललं होतं.

गॅलरीत भावजयीनं हौसेनं आणलेलं लाल जिरॅनियम होतं. आणलं तेव्हा बहरलेलं होतं, मग नुसतीच पानं. समोरच्या गॅलरीत मात्र फुलांचे गुच्छ. भावानं ते मनाला लावून घेतलं. दर रविवारी कोरड्या मातीवर मूठभर दाणेदार खत टाकायचा आणि दोन दिवसांनी झाडापुढे उभा राहून त्याच्याकडे असा बघायचा, की जणू ते झाड म्हणजे उत्तर येत नसलेला विद्यार्थीच. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरा थर चढला. शेवटी त्यानं निकाल लावला: झाड कामातून गेलंय, उद्या कचऱ्याच्या गाडीत द्यायचं.

ताई खुर्चीतून उठली. कुंडीपाशी जाऊन तिनं पांढरा थर नखानं खरवडला, चिमटीत चोळून बघितला.

"हे झाड कुठंही जाणार नाही," ती म्हणाली. "ते उपाशी नाहीये. अजीर्ण झालंय त्याला."

भावानं तिला समजावून सांगितलं, की खतानंच फुलं येतात, पिशवीवर तसं छापलंय, आणि तिचा हात असा असताना तिनं हे नसते उद्योग करू नयेत. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग कुंडी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि न्हाणीघरात नेली. मागून "ताई, पडशील," आलं. तिनं आतून कडी लावली.

नळाखाली कुंडी ठेवून तिनं पाणी सोडलं. तळाच्या भोकांतून गढूळ पाणी वाहून गेलं, ती थोडं थांबली, पुन्हा सोडलं. असं चारदा. बाहेर आली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि श्वास लागलेला. भावजय दारातच उभी होती. तिनं पदराआडची कात्री ताईच्या हातात ठेवली.

त्या दिवसापासून कुंडी ताईच्या खिडकीत, भरपूर उन्हात. करपलेली पानं काढली. वरची माती बोटभर सुकल्याशिवाय पाणी नाही, आणि महिनाभर खताचा कणही नाही. भाऊ येता-जाता पुटपुटायचा, उपाशी मारतेयस त्याला. ताई लक्ष द्यायची नाही. पाचव्या आठवड्यात नवी पानं फुटली, तेव्हा तिनं भावजयीकडून फुलझाडांचं पातळ खत मागवलं.

मापायची वेळ आली तेव्हा भाऊ येऊन उभा राहिला. ताईनं कोपर टेबलावर टेकवलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि टोपणात खत ओतलं. पहिल्यांदा सांडलं. पुसलं, पुन्हा ओतलं. टोपण अर्धं भरल्यावर थांबली आणि ते लिटरभर पाण्यात ढवळलं. मग आधी साध्या पाण्यानं माती ओली केली, त्यावर खताचं पाणी बेतानं घातलं.

"बाटलीवर पूर्ण टोपण लिहिलंय," भाऊ म्हणाला. "आण इकडे, मी घालतो."

"हात लावू नकोस." तिनं आवाज चढवला नाही. "लोकांच्या पोटात जाणारं औषध मी चाळीस वर्षं मापलं. माझा हात हलतो रे, डोकं हलत नाही. आजारातून उठलेल्याला निम्मंच द्यायचं असतं."

बोलता बोलता तिच्या मनात काहीतरी खटकलं.

"माझी रात्रीची गोळी किती लिहिलीय?"

भाऊ म्हणाला, एक. ताईनं डॉक्टरची चिठ्ठी मागितली. ती त्याच्या फाइलमध्ये होती, फाइल कपाटात होती आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. तिला उगाच डोक्याला ताप नको, असं तो म्हणाला. ताईनं हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. हात हलत होता. तिनं तो लपवला नाही. शेवटी भावजयच म्हणाली, "द्या ना. वन्संचीच चिठ्ठी आहे ती."

चिठ्ठी वाचायला ताईला क्षणही लागला नाही. तसलं अक्षर वाचण्यात तिची हयात गेली होती. पंधरा दिवस एक, पुढे अर्धी. पडून चार महिने होत आले होते.

भावानं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मी चुकून, असं काहीतरी तो बोलू लागला. ताईनं त्याला रडू दिलं नाही आणि ती त्याच्यावर ओरडलीही नाही. गोळ्यांचा डबा मात्र तिनं उचलला. दुसऱ्या दिवशी चप्पल घालून एकटीच बसनं डॉक्टरकडे गेली. भाऊ बसथांब्यापर्यंत मागे मागे आला, पण बसमध्ये चढायची त्याची हिंमत झाली नाही. डॉक्टरनं गोळी आणखी कमी केली, टप्प्याटप्प्यानं बंद करू म्हणाला.

आठवडाभर बहीण-भावात कामापुरतंच बोलणं झालं. जिरॅनियमला दोन गुच्छ आले तेव्हा ताई सकाळी सात वाजताच जागी होती. ते बघून ती स्वयंपाकघरात गेली, गॅस पेटवला आणि तिघांचा चहा टाकला. भाऊ दारात येऊन थबकला.

"बस," ताई म्हणाली. "आणि साखर किती घालू, तेवढं सांग."