धीराचे मार्क

माझ्या नातीचं, हर्षदाचं लग्न ठरून मोडलं, आणि तिनंच ते मोडलं, ते साल दोन हजार चोवीस. नवऱ्याकडच्या पाहुण्यांनी तिला रांजणगावच्या कंपनीतली नोकरी सोडायला सांगितली, तर पोरीनं नोकरी ठेवली आणि पाहुणे सोडले. आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. ती मात्र मजेत अंगणात स्कूटी धूत बसायची. धुता धुता तिनं मला धरलं.

"आबा, दोन भाऊबिजा झाल्या, तुम्ही दौंडला का गेला न्हाई?"

"गुडघे दुखत्यात."

"गुडघे तर दौंडच्या आजीचे दुखत्यात. तुम्ही काल लिंबाच्या झाडावर चढला व्हता."

दौंडला माझी थोरली बहीण कस्तुराआक्का राहते. तिचे मालक रेल्वेत होते, तिथंच त्यांनी घर बांधलं. दोन वर्षांपूर्वी मी एसटीनं तिच्याकडं निघालो, तर भीमेच्या पुलावर गाडी अडकली. पुढं उसाचे ट्रॅक्टर, मागं ट्रक. एकाएकी मला घाम फुटला, छाती ढोलासारखी वाजायला लागली, हातांना मुंग्या आल्या. वाटलं, हरिबा, संपलं. लोकांनी उतरवून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, तो चांगला. शिरूरला काढला, तोही चांगला. तिसरा काढला तेव्हा माझी बायको वच्छला म्हणाली, "आता ह्या कागदांची गोधडी शिवू का?"

पण त्या दिवसापासून शिरूरकडं तोंड केलं की मी वाघ, आणि दौंडकडं केलं की शेळी. देवऋषी झाला, गंडा झाला. शेळी ती शेळीच.

आक्का फोनवर सोडायची नाही. भाऊ आला नाही तर बहीण चंद्राला ओवाळते, तशी ती दोन वर्षं ओवाळत होती. "हरिबा, चंद्र बी मला इचारतो, बाई, तुला भाऊ हाय का नुसता फोन हाय? तुमच्या इनामगावात खोदताना जुनी हाडं सापडत्यात, त्यातलंच एक झालास काय रं?" मग हळूच म्हणायची, "माझं एकोणऐंशी चाललंय. यंदा ये बाबा."

हर्षदानं मला आणि वच्छलेला गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, शिरूरला समृद्धी मॅडमकडं नेलं. त्या समुपदेशक. मला वाटलं इंजेक्शन असेल. त्यांनी नुसतं बोलतं केलं. मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "आबा, तुमचं हृदय चांगलं आहे. त्याला धोक्याची खोटी वर्दी मिळते आणि ते पळायला लागतं. तुम्हीही त्याच्यामागं पळता."

हे मला पटलं. माझी निम्मी हयात मेंढरांमागं गेली. कळप बुजला आणि मेंढका पळाला, तर कळप पार नदीपर्यंत जातो. मेंढका उभा राहिला, तर कळपही दमानं थांबतो.

मॅडमनी पायऱ्या ठरवून दिल्या. आधी स्टँडवर जाऊन दौंडची गाडी नुसती बघायची. मग उभ्या गाडीत बसायचं. मग एक गाव पुढं जाऊन परत यायचं. धडधड झाली तर उतरायचं नाही, ती उतरेपर्यंत बसायचं. "आणि प्रत्येक वेळी वहीत शून्य ते दहा मार्क मांडायचे," त्या म्हणाल्या. वच्छलेलाही काम दिलं, "आजी, 'काय होत नाही, काय होत नाही' असं सारखं म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"नेहमी बोलता तसं बोला."

"ते त्यास्नी सोसंल का?" वच्छला म्हणाली.

उभ्या गाडीत बसलो तेव्हा कंडक्टर आला. "आबा, कुठं जायचं?"

"कुठं न्हाई. बसून बघतोय."

"बसून बघताय? गाडी इकत घ्यायचीय का?"

वच्छला म्हणाली, "घेतली असती, पर रंग आवडला न्हाई."

मी वहीत मार्क मांडत गेलो. बघितली, चार मार्क. बसलो, सात. एक गाव पुढं जाऊन आलो, नऊ! साठी उलटल्यावर मी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं गिरवली, तिथं मला कधी सहाच्या वर मिळाले नव्हते. वही मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली.

भाऊबिजेला दहा दिवस उरले असताना मॅडमनी ती वही बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. "आबा, हे तर वाढत चाललंय. आपण घाई केली. दौंडचं भाऊबिजेनंतर बघू."

मी नवावर बोट ठेवलं. "नऊ मार्क पाडून बी नापास?"

मॅडमनी वही पुन्हा जवळ ओढली. "मार्क कशाचे दिलेत?"

"धीराचे. दुसरे कशाचे असत्यात?"

"अहो, मी भीतीचे मांडायला सांगितले होते."

"भीतीला कोण मार्क देतं, मॅडम? चुकलेल्या अक्षराला आमचे गुरुजी भोपळा द्यायचे."

हर्षदा हसून हसून खुर्चीवरून खाली आली. मॅडमनाही हसू आवरेना. मग त्यांनी एकेक दिवस आठवायला लावला. गाडी बघताना भीती किती? आठ. बसलो तेव्हा? सहा. पुढल्या गावाला? चार.

"म्हणजे उतरतीय," त्या म्हणाल्या. "आता दोन रकाने करा. एक भीतीचा, एक तुमचा धीराचा. आणि एक ऐका. भीती शून्यावर आल्यावर दौंडला जाईन म्हणाल, तर कधीच जाणार नाही. तिला शेजारी बसवूनच जायचं."

"तिचं तिकीट कोण काढंल?" वच्छलेनं विचारलं.

भाऊबिजेला दोघं निघालो. गाडी खचाखच भरलेली, आणि थांबली ती नेमकी पुलावर. आधी मान तापली. मग ढोल सुरू झाला. मी उठायला लागलो.

"उतरताय?" वच्छला म्हणाली. "उतरा. मी जाते पुढं. आक्काच्या हातच्या करंज्या मी खाईन, आन् सांगंन, भाऊ पुलावर ठेवलाय."

मी बसलो. वही काढली. भीती आठ. नऊ. अजून नऊ. शेजारच्या बाईंनी डोकावून विचारलं, "क्रिकेट चाललंय का, आबा?" मान हलवून मी लिहीत राहिलो. पाय खाली टेकलेत का बघितलं. टेकले होते. मॅडमनी शिकवल्यासारखा श्वास लांब सोडला. सात. गाडी हलेना. पाच. गाडी तिथंच. पाऊण तासानं मला जांभई आली. भीतीच्या जागी कंटाळा येऊन बसला होता. मी ड्रायव्हरला ओरडलो, "अरे, दिवाळी संपायच्या आत पोचीव की रं बाबा!"

आक्का पाट मांडून, दारात खुर्ची टाकून बसली होती. वच्छलेनं तिला फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. आक्कानं मला खालीवर बघितलं. "वाळलायस. आन् मला वाटलं, भीतीनं माणूस फुगतो." मग ओवाळलं. तिच्या हातातलं ताट हलत होतं, ते मी धरलं. वच्छलेनं चार करंज्या खाल्ल्या.

त्या रात्री धीराच्या रकान्यात काय मांडायचं ते मला सुचलं नाही. आक्कानं वही ओढून घेतली. तिला लिहिता येत नव्हतं. तिनं कुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हणाली, "हे किती झाले ते तुझ्या मॅडमला इचार."

त्यानंतर त्याच गाडीनं मी तिच्याकडं पाच वेळा गेलो. एकदा पुलावर सहा मार्कांची भीती आली, बाकी वेळा दोन-तीन. शेवटच्या दोन खेपांना एकटाच होतो.

माझी बहीण कस्तुराबाई ११ मार्च २०२५ रोजी, मंगळवारी सकाळी, दौंडला तिच्या घरी वारली. मी तिच्या उशाशी होतो.