तुमच्या घरी मोले

गोर्दोन आमच्या गावात आले तेव्हा सगळ्यांत आधी त्यांच्या नावाचं हसं झालं. आमच्या भाषेत ते नाव लठ्ठोबा म्हटल्यासारखं ऐकू येतं, आणि माणूस पाहावा तर दोरीला टेकू द्यायच्या काठीसारखा. कॅनडातला बर्फ सोसवेना म्हणून नोव्हेंबरात आले, ते मार्च संपल्यावर जाणार होते. चर्चमागचं, चेला नावाच्या बाईचं रिकामं घर त्यांनी भाड्यानं घेतलं. मेक्सिको म्हणजे ऊन, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आमच्या मिचोआकानच्या डोंगरात हिवाळ्याच्या सकाळी बादलीतल्या पाण्यावर काच धरते, हे सांगायचं राहून गेलं असावं.

तर दोन स्वेटर चढवून, नाक लाल करून ते माझ्या कोपऱ्यावर उभे राहिले. मी तिथे रोज सकाळी तमाल विकते, म्हणजे कणसाच्या पानात वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, आणि मोठ्या हंड्यातून मक्याची गोड पेज.

"एक मोठा पेज द्या," ते म्हणाले.

"मोठी. पेज ती असते, सेन्योर."

"मोठी पेज ती असते द्या."

वीटभट्टीवर निघालेली पोरं खो खो हसली. मी एकाच्या डोक्यात डाव मारला आणि गोर्दोनना पेला भरून दिला. दुसऱ्या दिवशी ते बरोबर बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कणसाच्या पानाला काय म्हणतात ते विचारलं. मग रोजच विचारू लागले. त्याच वर्षी मी शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन दुकानांच्या पाट्या वाचायला शिकत होते, त्यामुळे शिकणाऱ्याची अडचण मला ठाऊक होती. नाताळपर्यंत ते गॅसवाल्याशी भांडण्याइतके तयार झाले. सकाळी उठून दारापुढचा रस्ता आमच्यासारखा झाडायचे, पाणी शिंपडायचे, दहाच्या सुमारास चौकातल्या बाकावर म्हाताऱ्यांच्या रांगेत ऊन खात बसायचे. कुणी त्यांच्या बोलण्याचं कौतुक केलं की मी म्हणायचे, "माझ्या हंड्याजवळ शिकलेत ते."

जानेवारीत, तीन राजांचा सण उरकल्यावर, मी अंगणातल्या ओल्या दगडावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आले, तर माझा मुलगा नाबोर खुर्ची ओढून समोरच बसला.

"आई, आता बास. कोपरा सोड."

"सोडायला मी तो भाड्यानं घेतलाय?"

"हंडा कोण उचलणार? मी पहाटेच भट्टीवर जातो. आत्याला विचारतेस?"

आत्या म्हणजे कुका, माझी थोरली नणंद. माझा नवरा गेल्यावरही ती माझ्याकडेच राहिली. तिनं लगेच कमरेवर हात ठेवला. "माझी कंबर म्हणजे तुला माहीतच आहे, वहिनी."

माहीत होती. लग्नात नाचताना ती कंबर कधी दुखायची नाही.

कोपरा चार दिवस ओस पडला की पाचव्या दिवशी तिथे दुसऱ्या कुणाची तरी शेगडी पेटते. माझ्या सासूनं धरलेली ती जागा. मी अंधारातच उठून डाव्या हातानं पेज ढवळत होते, पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं, आणि दारावर टकटक झाली. गोर्दोन. डोक्याला मफलर गुंडाळलेला.

"हंडा ती कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"हंडा तो," मी म्हणाले.

तो त्यांनी उचलला, कोपऱ्यावर नेऊन ठेवला आणि दुपारी परत आणून दिला. दुसऱ्या दिवशीही आले. हात मोकळा होईपर्यंत एक सकाळ चुकली नाही. गुडघे शेकायला आलेला माणूस! मी काही देऊ केलं की मान हलवून पेजेचा पेला पुढे करायचे.

अशा माणसाचे आभार नुसत्या तोंडानं मानले तर आमच्याकडे ते मानल्यात जमा नसतात. प्लास्टर निघालं, मनगट वळू लागलं, तशी मी अंगणातल्या टर्कीकडे पाहिलं. तो मी नाबोरच्या वाढदिवसासाठी पाळला होता.

"परक्या माणसासाठी टर्की कापतेस?" कुका म्हणाली. "ती माणसं डब्यातलं खातात, वहिनी. तो यायचा नाही."

"येतील."

"सगळ्यांना बोलावशील आणि तोंडावर पडशील. मग मला सांगू नकोस."

मी सगळ्यांना बोलावलं. दीर, जावा, शेजारपाजार. आणि कोपऱ्यावर, भर गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं गोर्दोनना म्हणाले, "सेन्योर, रविवारी दुपारी मोले करतेय. तुमच्या घरी."

त्यांच्या भुवया वर गेल्या. "माझ्या घरी?"

"मग! तुमच्याच घरी. आमची सगळी माणसं असतील."

"सगळी?" ते जरा विचारात पडले, मग त्यांचा चेहरा फुलला. "फार छान. मी तयार राहतो."

मोले म्हणजे आमचं सणासुदीचं, मिरच्यांच्या दाट रश्शातलं टर्कीचं कालवण. त्यासाठी सुक्या मिरच्या भाजल्या तेव्हा गल्लीभर लोक खोकले. तीळ, शेंगदाणे, दालचिनी, चॉकलेट, सगळं पाट्यावर वाटलं. नाबोर म्हणाला, गिरणीतून आणतो. मी म्हटलं, ज्या मनगटासाठी हे चाललंय तेच वाटेल. शनिवारचा अख्खा दिवस गेला. संध्याकाळी मनगट ठणकत होतं, पण मोले असं झालं होतं की डाव उभा राहावा.

रविवारी माणसं जमली, भाकऱ्यांच्या चळती फडक्यात गुंडाळून ठेवल्या. दोन वाजले. आमच्यात दोनचं जेवण म्हणजे तीन, त्यामुळे मी निवांत होते. तीनही वाजून गेले. मुलं रडायला लागली. माझा दीर अंगणात उभा राहून मोठ्यानं नाकानं वास घेत होता.

"वाढूया का?" नाबोरनं हळूच विचारलं.

"पाहुणा आल्याशिवाय नाही."

कुका दारातून गल्लीत डोकावून आली. "काठी काही दिसत नाही हं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तू शिकवलेल्या भाषेत 'नाही' हा शब्द होता ना, वहिनी? निदान तो तरी येऊन सांगायचा."

जावा शालीआड हसल्या. माझे कान तापले. माझं पायपुसणं केलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं. गाव उद्या सकाळी कोपऱ्यावर पेज पिताना काय बोलणार, ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. माझ्या मोलेला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. बिशपनंसुद्धा.

मी एप्रन काढला, ठेवणीतली शाल घेतली.

"नाबोर, पातेलं उचल."

"कुठे?"

"त्यांच्या दारात. नको असेल तर माझ्या तोंडावर सांगू दे. आणि भाकऱ्या घ्या सगळ्यांनी."

"आई, अगं लोक बघतील."

"बघायलाच हवेत."

निघालो. पुढे मी, मागे नाबोर आणि दीर पातेलं धरून, त्यामागे भाकऱ्या, भात, मुलं, आणि सगळ्यांत शेवटी कुका, कंबर एकदम बरी झालेली. चौकातले म्हातारे बाकावरून उठून उभे राहिले. त्यांना वाटलं कुठल्या तरी संताची मिरवणूक निघाली. मी मान खाली घातली नाही.

गोर्दोनच्या दारावर मी मुठीनं ठोकलं. दार लगेच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले ओले केस, आणि चेहरा पडलेला. त्यांच्यामागे खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून विटांवर आडवं ठेवलं होतं. त्यावर पांढरी चादर. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या ताटल्या, एकीसारखी दुसरी नाही. चेलाच्या खुर्च्या, खोकी, उलट्या बादल्या. बरणीत कागदी फुलं.

"आलात," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमचा राग आहे माझ्यावर."

"आमचा राग? आम्ही तिकडे तुमची वाट बघून वाळलो!"

"तिकडे? पण तुम्ही म्हणालात, माझ्या घरी."

"तुमच्या घरी म्हणजे माझ्या घरी!" मी ओरडले. "माणूस आपल्या घराला असं माझं-माझं म्हणतो का कधी? समोरच्याला तुमचंच म्हणायचं असतं!"

"मग माझ्या घराला काय म्हणतात?"

नाबोर इतका हसला की दीर ओरडला, "पातेलं, अरे पातेलं!" जावा भिंतीला टेकल्या. चौकातून मागे आलेले म्हातारेही हसू लागले, त्यांना काही कळलं नव्हतं तरी.

"बाराखडी शिकवलीस, वहिनी," कुका डोळे पुसत म्हणाली, "पण रीत शिकवायची राहिली."

"रीत शिकवायला तुम्ही आणि मी अजून आहोत ना, वन्सं," मी म्हणाले. "घ्या, भाकऱ्या ठेवा."

मी शाल खांद्यावरून काढली आणि डाव घ्यायला हात पुढे केला. गोर्दोननी तो आधीच उचलला होता.

"माझं घर," त्यांनी छातीवर हात ठेवला, मग आडव्या दाराच्या डोक्याशी ठेवलेली एकुलती एक हातांची खुर्ची ओढली. "तुम्ही बसा."

"अहो, वाढायचं कुणी? तुम्हाला जमायचं नाही."

"बस की," दीर म्हणाला. "भूक लागलीय."

मी बसले. त्यांनी डाव पातेल्यात घातला, अर्धा चादरीवर सांडला, मांडीचा मोठा तुकडा निवडून पहिली ताटली माझ्यापुढे ठेवली. वर तीळ भुरभुरले, जरा जास्तच. सगळे माझ्याकडे बघत होते. कुकासुद्धा.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी मोले करतेय. लग्नाचं, बारशाचं, मयताचं. वाढून वाढून शेवटी चुलीपाशी उभ्यानं खायचं, पातेल्याच्या बुडाला उरलेलं, साय धरलेलं. गरम मोले मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं. आधी मिरची येते, मग ती मागे सरते आणि भाजलेले तीळ लागतात, आणि घास गिळून झाल्यावर कुठून तरी दालचिनी. लोक इतकी वर्षं बोटं चाटत होते ते उगाच नव्हे. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "काय सुंदर केलंय हो!"

हशा पिकला. मी मान वर करून पुन्हा म्हणाले, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि रिकामी ताटली गोर्दोनपुढे धरली.

"वाढा अजून. मोठा तुकडा तो."