प्रिंटवर न आलेलं पेव

“आधी एस्केप दाब. दोनदा. दाबलंस? आता कीबोर्डवरचा हात काढ अन् घोटभर पाणी पी.”

“काका, पाणी मागनं पिते. माझा सगळा नकाशा गेलाय! स्क्रीन काळी ठिक्कर पडलीया. सर येतेल आता.”

फोनवर ईट गावची राजेश्वरी होती. भूमला एका इंजिनिअरच्या ऑफिसात ती नकाशे काढायची. धाराशिवच्या आपल्या खुर्चीत कल्याणप्पा डोळे मिटून बसले होते. कुणाचा नकाशा बिघडला की ते असेच डोळे मिटून ऐकायचे.

“नकाशा कुठं जात न्हाय. तूच लांब गेलीस त्याच्यापास्नं. झेड लिही, एंटर. मग ई, एंटर. काय दिसतंय?”

“कायच न्हाय... व्हय व्हय, थांबा. एका कोपऱ्यात ठिपका हाय. अन् पार दुसऱ्या कोपऱ्यात अजून एक.”

“त्यातला एक तुझा बंगला. दुसरी कुठं तरी चुकून पडलेली रेघ. ती रेघ पुसून टाक अन् परत तेच कर.”

कीबोर्ड वाजला. मग पलीकडून हसू ऐकू आलं. “आला, काका! आख्खा आला!”

“जेवलीस का?”

“न्हाय अजून.”

“मग जेव आता.” त्यांनी फोन ठेवला.

असे फोन जिल्हाभरातून यायचे. कुणाची मराठी अक्षरं उघडल्याबरोबर प्रश्नचिन्हं व्हायची, कुणाचा कर्सर बेडकासारखा उड्या मारत पळायचा, कुणाची तुटक रेघ काही केल्या तुटायची नाही. कल्याणप्पा कुणालाच चूक दाखवायचे नाहीत. “कुणी तरी चुकून एफ नाईनचं बटण दाबलंय बघा,” असं म्हणायचे, म्हणजे ज्यानं दाबलं त्यालाही बरं वाटायचं.

ते मूळचे लोहारा तालुक्यातले. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन आत्ताच्या मालकीण अर्पिताच्या वडिलांकडे लागले, तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईनं नकाशे निघायचे आणि चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडावी लागायची. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. पहिल्या आठवड्यात रेघ वर न्यायची म्हणून कल्याणप्पा माऊस टेबलावरून उचलून हवेत धरायचे. हा किस्सा ते स्वतःच सगळ्यांना सांगत. नव्यानं शिकणाऱ्याची भीती त्यानं निम्मी कमी होते, असं त्यांचं म्हणणं.

अर्पिता लहानपणी त्यांच्या टेबलाखाली बसून रंगकाम करायची. पुण्याला आर्किटेक्ट होऊन आली, वडिलांच्या माघारी ऑफिस चालवायला लागली. चारचौघांत कल्याणप्पा तिला ‘मॅडम’ म्हणायचे, कुणी नसलं की ‘अर्पू’.

अलीकडे तिला काही गोष्टी जाणवल्या होत्या. काकांच्या स्क्रीनवर कर्सरच्या आडव्या-उभ्या रेघा आता या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेल्या असायच्या. माऊसपेक्षा ते आकडे टाइप करूनच रेघा ओढायचे. मधूनच म्हणायचे, “अर्पू, हे वाच बरं. कुणी एवढं बारीक अक्षर ठेवलंय कुणास ठाऊक.” तिला वाटायचं, वय झालंय, नवा चष्मा लागला असेल. विचारीन म्हणायची आणि कामात राहून जायचं.

राजेश्वरीचा फोन ठेवला तोच तेरहून फोन आला. चाँदपाशाचा. तेरला त्याचं शिलाईचं दुकान होतं आणि त्याच्या घराचा नकाशा याच ऑफिसनं काढला होता. आज कॉलमचे खड्डे खणायला सुरुवात व्हायची होती.

“कल्याणप्पा, तुम्ही या बरं लवकर. अम्मी जेसीबीसमोर खुर्ची टाकून बसलीया. खणू देईना.”

“का? काय झालं?”

“ती म्हणती, हितं पेव हाय. अन् ठेकेदार म्हणतो, नकाशावर न्हाय.”

कल्याणप्पा उठून उभे राहिले. “नकाशावर हाय! म्या स्वतः दाखवलंय. तुमच्या अम्मीनं, हसीना आपांनी, जागा दावली, अन् म्या टेप धरून मापं घेतली. मशीन बंद ठेवा. एक बादली माती काढू नका. आलोच.”

पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं धान्याचं कोठार. तोंड हंड्याएवढं आणि आत खोली माणसाला गिळेल एवढी. चाँदपाशाच्या अम्मी, हसीनाबी, लग्न होऊन आल्या तेव्हा त्या पेवातून ज्वारी निघायची. पुढं कुणी तरी तोंडावर फरशी टाकली, वर माती पडली आणि चाँदपाशाच्या पिढीला ते कुठं होतं हेही माहीत राहिलं नाही. वरून जमीन सपाट होती. तिच्यावर मशीन उभं राहिलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला नकोच होतं.

अर्पितानं फाइल उघडली. “काका, आहे की. कॉलमच्या बाजूलाच गोल दिसतोय. ‘जुने पेव’ लिहिलंय.”

“मग?”

तिनं प्रिंट काढली. कागद टेबलावर पसरला. कॉलम होते, भिंती होत्या, मापं होती. पेवाचा गोल नव्हता.

“प्रिंटवर येत नाहीये,” ती म्हणाली.

कल्याणप्पांनी विचारलं, “कुठल्या लेयरवर हाय तो गोल?”

“डेफपॉइंट्स.”

ते खाली बसले. कॅड या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर, म्हणजे लेयरवर, काढतात. माप टाकलं की ते आपणहून हा लेयर तयार करतं, आणि त्याच्यावर काढलेलं स्क्रीनवर दिसतं पण कागदावर कधीच उतरत नाही. हे त्यांनी फोनवर किती जणांना सांगितलं असेल. राजेश्वरीलाही सांगितलं होतं.

“यादीतनं लेयर निवडताना एक ओळ चुकली,” ते हळू म्हणाले.

“पण काका, तुम्ही तर प्रत्येक प्रिंट लाल पेन्सिलीनं तपासता. ही तपासली नाही?”

त्यांनी कागदावर तळहात फिरवला, जणू गोल हाताला लागेल. मग छत्री घेतली आणि म्हणाले, “चल, गाडी काढ. वाटंनं सांगतो.”

शहर मागं पडलं. दोन्ही बाजूंना काढणीला आलेलं सोयाबीन पिवळं पडलं होतं.

“मधलं दिसत न्हाय मला, अर्पू,” ते अखेर म्हणाले. “मधोमध धूर साचल्यावानी झालंय. कडंचं दिसतंय. तुझ्याकडं बघितलं की तुझा कान दिसतो, तोंड न्हाय.”

तिनं गाडीचा वेग कमी केला. “कधीपासून?”

“संक्रांतीपास्नं लई वाढलंय. सोलापूरच्या डॉक्टरला दाखवलं. गेलेलं येत न्हाय म्हणले. चष्म्याचा काय उपयोग न्हाय.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू मला काम न देता ठेवून घेतलं असतंस. तुझ्या बापाची माया हाय तुझ्यात. ते नको होतं मला. वाटलं, सगळं पाठ हाय, बोटांना हाय, चाललं तेवढं चालवू.”

अर्पिताला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग आधी बाहेर पडला. “आणि आज त्या पेवात मशीनसकट माणूस गेला असता तर? मी काय सांगितलं असतं त्याच्या घरी?”

“व्हय,” कल्याणप्पा म्हणाले. “त्याच्यासाठीच सांगतोय आता.”

तेर आल्यावर गाडीतून उतरताना तिनं पुढं होऊन त्यांचा दंड धरला, आणि त्यांनी तो धरू दिला.

जागेवर बरीच माणसं जमली होती. मध्यभागी प्लास्टिकच्या खुर्चीवर हसीनाबी, डोक्यावरून पदर, मांडीवर पानाचा डबा. समोर जेसीबी बंद उभं. ठेकेदार दिग्विजय तरुण होता, कंटाळला होता, पण आवाज चढवला नव्हता त्यानं.

“या कल्याणप्पा,” हसीनाबी म्हणाल्या. “ह्या पोराला सांगा जरा. म्या म्हणते, बेटा, ह्या पेवात म्या स्वतः उतरलेय, कमरेला दोर बांधून. ह्यो म्हणतो, आजी, कागदावर न्हाय. आता कागद उतरला होता का पेवात?”

लोक हसले. कल्याणप्पा हसले नाहीत. ते दिग्विजयच्या आवाजाकडे तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “तुमची काय चूक न्हाय, साहेब. आपांनी जागा बरोबर दावली होती. प्रिंट माझ्या हातनं गेली अन् म्या ती तपासली न्हाय. मला आता तपासता येत न्हाय. चूक माझी हाय.”

हसणं थांबलं. हसीनाबींनी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि पानाचा डबा बंद केला.

अर्पितानं निघताना स्क्रीनवरून उतरवून घेतलेली मापं वाचली. टेप धरला गेला. दिग्विजयनं स्वतः पहार घेतली आणि जपून ठोकत पुढं सरकू लागला. धप, धप, घट्ट माती. मग एका जागी आवाज बदलला, पोकळ झाला. दुसऱ्या ठोक्याला फरशी फुटली असावी, कारण पहार त्याच्या हातातून सुटली आणि आख्खी आत गेली. ती तळाशी आदळल्याचा आवाज क्षणभरानं आला.

जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं काल संध्याकाळी तिथंच मशीन लावायचं ठरवलं होतं. त्यानं हसीनाबींना हाताला धरून उठवलं, त्यांची खुर्ची उचलली आणि पार लांब, लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवली.

“बसा अम्मा,” तो म्हणाला. “चहा सांगू का?”

त्या दिवशी परतताना अर्पिता आणि कल्याणप्पांमध्ये कॉलम कुठं सरकवायचा एवढंच बोलणं झालं. बीम लांब होईल, ती म्हणाली, त्याचा हिशोब मी करते. जिना त्या बाजूला घेतला तर आपांना जिन्यापर्यंत कमी चालावं लागेल, ते म्हणाले. तिला ते पटलं. ऑफिसात येईपर्यंत घर आधीपेक्षा बरं झालं होतं.

सुधारित नकाशा अर्पितानं स्वतः काढला. कल्याणप्पा शेजारी बसले. प्रत्येक लेयरचं नाव त्यांनी तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. प्रिंट निघाल्यावर लाल पेन्सिल तिच्या हातात दिली. खालच्या चौकटीत ‘रेखाटन’ या शब्दापुढं आजवर त्यांचं नाव असायचं.

“ते काढ,” ते म्हणाले.

“राहू दे ना, काका.”

“न्हाय अर्पू. ज्यानं बघितलं त्याचं नाव तिथं पाहिजे.”

तिनं नाव पुसलं. कळ दाबल्याचे आवाज ते ऐकत होते. तेवढ्यात फोन वाजला. कुठल्या तरी मुलीच्या नकाशातली खिडकी उलटी झाली होती आणि तिच्यातली अक्षरंसुद्धा आरशातल्यासारखी उलटी दिसत होती. कल्याणप्पांनी डोळे मिटले. “एस्केप दाब बाळा आधी,” ते म्हणाले, आणि अर्पितानं त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यानंतर त्यांच्याकडे फक्त फोनचंच काम राहिलं. पगार तोच राहिला. तो कमी कर म्हणून त्यांनी वाद घातला आणि ते हरले.

पेव मुरमानं भरून घट्ट झाल्यावर दिग्विजयनं पुन्हा आखणी केली आणि त्यानंच फोन करून बोलावलं, दोघांनाही. सकाळचं ऊन होतं. काळ्या मातीवर पांढऱ्या चुन्याच्या जाड रेघा पडल्या होत्या, ताज्या, कुणी न तुडवलेल्या. कल्याणप्पा रस्त्याच्या कडेला थांबले. त्यांनी तोंड थोडं एका बाजूला वळवलं, मग दुसऱ्या बाजूला, आणि बराच वेळ तसेच तिरके बघत उभे राहिले.

हसीनाबी काठी टेकत आल्या. “मला तर नुसता चुनाच दिसतोय,” त्या म्हणाल्या. “घर कुठाय ह्याच्यात?”

“चला, दावतो,” कल्याणप्पा म्हणाले.

अर्पिता हात द्यायला पुढं झाली, पण त्यांनी नको म्हटलं. रेघेच्या कडेकडेनं ते चालत गेले. जिथं रेघ तुटली होती, दरवाजापुरती मोकळी जागा सोडली होती, तिथं आले. वाकून त्यांनी दोन्ही चपला काढल्या, रेघेच्या बाहेर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मागं वळून म्हणाले, “या आपा. आत या.”