शून्य दिवसाची नळी

धाकट्याने रक्ततपासणीची चिठ्ठी सहज दाखवली आणि तिच्यावरचा नमुना क्रमांक ताईच्या डोक्यात बसला. ती काम करायची त्या प्रयोगशाळेत नमुन्याला नाव नसतं, ते उगाच नाही. तोच क्रमांक आपल्या टेबलावर आला, तेव्हा "हा माझा भाऊ आहे" असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगून तिने बाजूला व्हायला हवं होतं. तिने तो नमुना कामाला घेतला.

धाकट्याने एचआयव्हीच्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या आणि त्याचा विषाणू त्या गोळ्यांना पुरून उरला होता. डॉक्टर म्हणाले, असा विषाणू बरेचदा लंगडा होतो, म्हणजे त्याची वाढ मंदावते. लंगडा असेल, तर याच गोळ्यांवर काही वर्षं निभेल. नसेल, तर औषध बदलावं लागेल, आणि त्याला चालतील अशी दुसरी औषधंही संपत आली आहेत.

ते ठरवायची रीत साधी. एकाच भांड्यात पेशी, त्यांत भावाचा विषाणू आणि प्रयोगशाळेतला नेहमीचा, ज्याला सगळे पहिलवान म्हणत. दोघांना सारख्या मापाने सोडायचं आणि दर तीन दिवसांनी कोण किती ते मोजायचं.

"काय गं, लागली का कुस्ती?" शेजारचा तंत्रज्ञ विचारायचा. ताई हसायची आणि पुन्हा मोजायला बसायची.

तिसऱ्या दिवशी बरोबरी. सहाव्या दिवशी पहिलवान मागे. नवव्या दिवशी शंभरात नव्वदच्या वर भावाचेच.

धाकट्याचा फोन आला. "ताई, आपला लंगडा काय म्हणतो?"

"मोजतेय रे अजून."

"तू आहेस म्हटल्यावर मी निर्धास्त बघ."

निर्धास्त म्हणे! माप चुकलं असणार, भावाचाच विषाणू जास्त पडला असणार, असं ताईने मनाशी घट्ट धरलं. स्वतःची चूक निघावी म्हणून ती पहिल्यांदाच देवाला हात जोडत होती.

अशाच शंकेसाठी सुरुवातीला, वाढ व्हायच्या आधी, थोडं मिश्रण गोठवून ठेवतात. ती शून्य दिवसाची नळी तिने काढली, मोजणीला लावली आणि दुपारभर यंत्रासमोरून हलली नाही.

चूक निघाली. शंभरात भावाचे जेमतेम दहा, बाकी सगळे पहिलवानाचे. भावाचं माप टाकताना तिचाच हात आखडला होता.

मॅडमनी मागून आकडा पाहिला. "माप चुकलं ना? मग हा निकाल बाद. पुन्हा लाव, आणि या वेळी दोघांना सारखं सोड."

ताईने मान हलवली. दहावरून नव्वदच्या वर गेलेल्याला सारखं सोडल्यावर काय होणार, ते तिला मोजायची गरज उरली नव्हती.