बटणांच्या डब्यातली पिवळी सून

उपाशीपोटी

सकाळी मास्तर उठले की आधी बटणांचा डबा हलवायचे. खुळखुळ ऐकली की पलीकडच्या पलंगावरून बायकोचा आवाज यायचा, "आलं का वऱ्हाड?"

वऱ्हाड म्हणजे गोळ्या. मास्तरांची हयात शिवणकामात गेली. दुकान बंद झालं, मशीन गेलं, पण कप्प्याकप्प्यांचा हा डबा काही सुटला नाही. पूर्वी त्यात बटणं असत, आता बायकोच्या गोळ्या. पुठ्ठ्यावरची बटणं सोडवावीत तशी ते एका बैठकीत सगळी पाकिटं सोलायचे. गोळ्या कप्प्यात, चंदेरी कागद कचऱ्यात. बायकोच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला बारीक अक्षर दिसायचं नाही. तिनं तळहात पुढे करायचा आणि मास्तरांनी त्यावर गोळी ठेवायची, असा घरचा रिवाज.

नावं मात्र तिनं ठेवलेली. उपाशीपोटी एकटीच येणारी, जिच्यामागून बराच वेळ चहासुद्धा फिरकायचा नाही, ती पाहुणी. साखरेची, घशाखाली उतरता उतरत नाही, तो व्याही. हाडांची, खडूएवढी जाड, ते मामंजी. आणि रक्तदाबाची चिमुकली गुलाबी, ती नणंद.

"जरा डोकं वर काढलं की खाली दाबते," बायको म्हणायची. "अगदी तुमच्या बहिणीसारखी."

"माझी बहीण गुलाबी नव्हती."

"दाबायची मात्र."

नाश्त्यानंतर

औषधं लेक आणून द्यायची. या खेपेला ती घाईत होती. पिशवी दाराच्या कडीला अडकवून शाळेत शिकवायला पळाली. मास्तर सोलायला बसले.

"अगं, ही पिवळी कोण?"

"मला काय दिसतंय? केवढी आहे?"

"बाळाच्या झबल्याच्या बटणाएवढी."

"डॉक्टर म्हणालेच होते, एखादी वाढवावी लागेल. तीच असणार. लेकीला विचारा हवं तर."

"एवढ्या-तेवढ्यासाठी तिला काय छळायचं?"

"मग नवी सून म्हणा. बघू नांदते का."

नणंदेच्या कप्प्याशेजारीच सुनेला जागा मिळाली. दोघी रोज जोडीनं तळहातावर.

नांदली नाही. आधी बायकोचे पाय सुजले. मग उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आणि एका सकाळी बेसिनचा नळ धरून ती हळूहळू खाली बसली. खाली बसली म्हणजे घसरत घसरत, भिंतीला पाठ टेकून, नळ तसाच वाहता ठेवून.

"अहो," ती म्हणाली, "घर फिरतंय का मी?"

मास्तरांनी नळ बंद केला आणि लेकीला फोन लावला.

डोस चुकल्यास

लेक धावत आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. तो चांगलाच खाली गेलेला. डॉक्टरांनी डब्यात डोकावून पाहिलं, मग मास्तरांकडे.

"यातलं काय कशाचं, ते कसं ओळखता?"

"रंगानं. आणि मापानं."

"आत्ता रक्तदाबाची कुठलीच देऊ नका. हा डबा आणि जुनी बिलं घेऊन मेडिकलमध्ये जा, एकेक गोळी ओळखून घ्या आणि मला फोन करा."

मेडिकलवाली बाई चष्मा सावरत काउंटरवर गोळ्या मांडत गेली. पिवळीपाशी थांबली. गुलाबी तिच्याशेजारी ठेवली.

"मास्तर, या दोन्ही एकदम देत होता?"

"हो. ही जुनी, ही नवी."

"औषध एकच आहे. गुलाबीवाल्या कंपनीची आमच्याकडे संपली होती, म्हणून दुसऱ्या कंपनीची दिली. जुनी संपल्यावर ही सुरू करायची, असं ताईंना सांगितलं होतं मी."

लेकीनं मान खाली घातली. "सांगितलं होतं. मी बाबांना सांगायचं विसरले."

मास्तर पिवळीकडे बघत राहिले. कापड तेच, अस्तर तेच, वरून रंग तेवढा वेगळा. गिऱ्हाइकांना हेच तर समजावत आले होते जन्मभर. नणंदच कपडे बदलून दुसऱ्यांदा आली होती आणि त्यांनी तिला सून समजून ओवाळून घरात घेतलं होतं.

"पाकिटातून काढूनच ठेवू नका," मेडिकलवाली म्हणाली. "नाव पाकिटावर असतं, गोळीवर नाही."

दुपारी, भरपूर पाण्याबरोबर

घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, उद्यापासून सकाळ-संध्याकाळ एक बाई येईल. आईची औषधं तीच देईल."

मास्तरांनी पेला भरला. पाणी प्यायले. आणखी एक पेला प्यायले. कापड एकदा चुकीचं कापलं गेलं की गेलं. कात्री कुणाची, ते शोधत बसून काय मिळणार? पण उद्या सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना सुचेना. दुकान गेलं तेव्हा असं झालं नव्हतं. तेव्हा निदान बायको तळहात पुढे करायची.

"बाबा, रागावलात?"

"नाही गं. तिला पुन्हा खाली बसलेलं बघायचं नाही मला. येऊ दे बाई."

पलंगावरून आवाज आला, "मला कुणी विचारणार आहे का? गोळ्या कोण खातंय?"

"आई, अगं पडली असतीस."

"बसले होते. तुला सांगायची आठवण राहिली नाही, त्यांना विचारायची बुद्धी झाली नाही आणि बारसं करून मी मोकळी झाले. तिघं मिळून चुकलो, शिक्षा एकट्यालाच? आता ऐका. नणंद बंद, सून बंद. मला खरी नावं वाचून दाखव, मी पाठ करते. हे पाकिटावर वाचून नाव सांगतील. नाव चुकलं तर मी तोंड उघडणार नाही आणि तुला फोन करीन. दर रविवारी तू पाकिटं तपास. महिनाभरात एकदा जरी चुकले, तर बोलाव तुझ्या बाईला."

लेकीनं बापाकडे पाहिलं. "नवीन काही दिसलं तर आधी मला विचारायचं. मी वर्गात असले तरी."

"विचारीन."

गरज पडल्यास

डॉक्टरांनी एकच गोळी, पिवळीच, पुन्हा सुरू करायला सांगितली, त्या दिवशीची गोष्ट. मास्तर खिडकीशी पाकीट तिरपं धरून उभे होते, नाकावर चष्मा, हातात भिंग.

"अंमल... अंमलदार पिन."

बायकोनं ओठ घट्ट मिटले.

"अंमलोदी... अगं, शेवटी पिन आहे खरी. म्हणजे आमच्याच धंद्यातली."

ओठ मिटलेलेच. एक बोट फोनकडे सरकलं.

"थांब, थांब. ॲम. लो. डि. पीन." त्यांनी परत वाचलं, बोटानं अक्षर अक्षर धरून. "ॲम्लोडिपीन. रक्तदाबाची. एक. नाश्त्यानंतर."

"हां," ती म्हणाली. "जन्मभर माझं नाव कधी घेतलं नाहीत, 'अगं'वर भागवलंत. आणि हिचं बघा कसं सुटं सुटं, गोड गोड."

आणि तिनं तळहात पुढे केला.