वामन तांडेलाची दुसरी जीभ

बोईसरजवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर मासेमारीची होडी चालवणाऱ्या वामन तांडेलाला वर्षभर घास अडकत होता. पाणी ओतून तो घास खाली ढकलायचा आणि भाकरी जाड थापतेस म्हणून बायकोला, हंसाला, बोल लावायचा. ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पुतणीच्या हळदीला जेवताना त्याला जोराचा ठसका लागला आणि तोंडातून गुलाबी, गुळगुळीत असं काहीतरी बाहेर येऊन हनुवटीखाली लोंबकळलं. पंगत थांबली. वामनने ते गिळून आत घेतलं आणि आणखी रस्सा मागितला.

गावाने ठरवलं, देवीने तांडेलाला दुसरी जीभ दिली. शेजारच्या दांडी गावाहूनही बायका नारळ घेऊन येऊ लागल्या. हरवलेली कोंबडी कुठे असेल, पोराला तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरी लागेल का, असले प्रश्न. वामन खोकून जीभ बाहेर काढायचा, परत गिळायचा आणि सांगायचा, लागेल. हंसा मात्र चहा उकळून वैतागली होती. देवीला एवढी हौस होती तर तिने साखरही पाठवायची होती, असं ती पाहुण्यांसमोरच म्हणे.

एका दुपारी जीभ बाहेर आली ती आत जाईना. श्वासाच्या वाटेवरच अडकून बसली. वामनचे डोळे फिरले, ओठ काळेनिळे पडले. अंगात आलं समजून मंडळींनी हात जोडले. हंसाने हातातलं पातेलं टाकलं, त्याच्या तोंडात दोन बोटं घातली आणि ते धूड आत लोटलं. त्याला श्वास आला. तिने त्याला तसंच बोईसरच्या एसटीत चढवलं.

बोईसरच्या डॉक्टरांना आधी पटेना. वामनने खोकून दाखवलं तसे ते खुर्चीतून उठून भिंतीला टेकले. मग त्यांनी चिठ्ठी देऊन मुंबईला मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथल्या डॉक्टर पुष्पलताबाईंनी फोटो काढून समजावलं. ती जीभ नव्हती. अन्ननलिकेत देठावर लोंबणारी चरबीची गाठ होती. साधीच दिसत होती, पण पुन्हा अडकली तर माणूस जाईल. वामन म्हणाला, गळा चिरू देणार नाही. बाई म्हणाल्या, चिरायचाच नाही. भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालायची, तारेचा फास देठाला आवळायचा आणि विजेने देठ जाळत तोडायचा.

वामन तरीही घुटमळला. "पण देवीनं दिलेली हाय ना ती."

"देवीला काय सांगायचं ते मी सांगते," हंसा म्हणाली. "तुमी तोंड उघडा."

गाठ तोंडावाटेच निघाली. तपासणीत कॅन्सर नाही असं आलं. दोन दिवसांनी वामनने मऊ भात खाल्ला. घास कधी उतरला ते कळलंच नाही, आणि एवढा मोठा तांडेल ताटावर बसून रडला. हंसाने तोंड फिरवून घेतलं, कारण तीही रडत होती.

गावात भक्त वाट बघत होते. वामनने आ करून दाखवला. आत एकच जीभ, तीही पांढरट. काहींनी नारळ परत मागितले. हंसाने त्या नारळांच्या कधीच वड्या केल्या होत्या.

गाठ इस्पितळाने बाटलीत घालून शिकणाऱ्या पोरांसाठी ठेवली. वामन अजून सांगतो, आमच्या घरातलं कोणी चौथीच्या पुढे गेलं नाय, पण माझा एक तुकडा डॉक्टरीच्या कॉलेजात हाय.